दुपारच्या वेळी डेस्कटॉप अतिशय तापतो आणि रेंडरिंग चालू असताना अचानक बंद पडतो. कृपया मार्गदर्शन करावे

मानेवाडा_नकाशे:

नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहतो आणि घरूनच घरांचे नकाशे व एलिव्हेशनची (घराच्या दर्शनी बाजूची) त्रिमितीय चित्रे तयार करून देण्याचे काम करतो. माझा डेस्कटॉप काही वर्षांपूर्वी भाग विकत घेऊन जोडलेला आहे. त्यात इंटेल कोअर आय ५-१०४०० प्रोसेसर, त्याच्याच खोक्यात मिळालेला हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. कॅबिनेटची पुढची बाजू काचेची असून पुढे दोन आणि मागे एक पंखा आहे.

मार्चअखेरपर्यंत काहीच तक्रार नव्हती. एप्रिलच्या मध्यापासून मात्र दुपारी बारानंतर पंख्याचा आवाज एकदम वाढतो आणि काम रेंगाळते; सकाळी जे चित्र पंचवीस मिनिटांत तयार होते, त्यालाच दुपारी पाऊण तास लागतो. मे महिन्यात आणखी एक गोष्ट सुरू झाली. रेंडरिंग, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र तयार होण्याचे काम, चालू असताना पडदा काळा होतो, सगळे पंखे थांबतात आणि कोणतीही सूचना न येता संगणक पूर्ण बंद पडतो. लगेच बटण दाबले तर तो सुरू होत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी मात्र निमूट सुरू होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे स्लॅब दिवसभर तापतो. खिडकीत कूलर बसवलेला आहे. कॅबिनेट संगणकाच्या टेबलाला असलेल्या खालच्या कप्प्यात ठेवलेले असते आणि त्या कप्प्याला मागून प्लायवूड आहे.

ओळखीच्या एका दुकानात चौकशी केली, तेव्हा त्यांनी कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेला असावा असे सांगितले. या प्रोसेसरला बसणारा बोर्ड आता सहज मिळत नाही, म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असे सगळेच नवीन घ्या, असा त्यांचा सल्ला आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कशात आहे हे समजून घ्यायचे आहे.

बर्डीवाला:

भाऊ, बोर्डावर एक रुपयाही खर्च करण्याची घाई करू नका. तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी असण्याची दाट शक्यता आहे.

पहिली तक्रार मंदावण्याची आहे. तुमच्या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. त्या मर्यादेजवळ पोहोचताच तो स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो, म्हणून दुपारी तेच काम जास्त वेळ घेते. हे त्याचे ठरलेले वर्तन आहे. बिघाड उष्णता बाहेर न जाण्यात आहे. दुसरी तक्रार अचानक बंद पडण्याची. प्रोसेसर तापल्यामुळे संगणक बंद पडूच शकत नाही असे नाही, पण वेग कमी करूनही तापमान १०० अंशांच्या बरेच वर चढत गेले तरच ते घडते, आणि तसे सहसा हीटसिंक निखळला किंवा पंखा थांबला तर होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बंद पडल्यावर दहा-पंधरा मिनिटे बटणालाही दाद न देणे हे पॉवर सप्लायच्या उष्णता-संरक्षणाचे नेहमीचे लक्षण आहे. त्याच्या आतील भाग ठराविक तापमानाला पोहोचले की तो स्वतःला बंद करतो आणि थंड होईपर्यंत सुरू होत नाही.

‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीवरून फारसे काही ठरवता येत नाही. विंडोज रीतसर बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. तो का बंद पडला हे तिला ठाऊक नसते. पुष्कळ जण ती नोंद पाहून विंडोज नव्याने टाकण्यात दिवस घालवतात, तसे करू नका.

आता मोजमाप. एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि त्यातील नोंद फाइलमध्ये साठवण्याची सोय सुरू करून एक जड चित्र रेंडरला लावा. संगणक बंद पडला तरी बंद पडण्याच्या क्षणापर्यंतच्या ओळी फाइलमध्ये शिल्लक राहतात. त्यातील प्रोसेसरचे तापमान, त्याचा वेग, त्याला मिळणारे वॅट आणि ग्राफिक्स कार्डाचे तापमान एवढे चार रकाने पाहा. शेजारी भिंतीवर साधा थर्मामीटर लावून खोलीचे तापमानही लिहून ठेवा, कारण त्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. खोली एका अंशाने तापली की आतील भागही साधारण एका अंशाने अधिक तापतात. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ८२ अंशांवर आरामात चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला ९७ वर जाणार. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या शहरात थंड प्रदेशातील लोकांनी केलेल्या चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

यानंतर एकदा कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून, बाजूचा पत्रा उतरवून हेच काम पुन्हा चालवा. तापमान लक्षणीय उतरले तर हवा खेळत नाही असे समजा. फारसा फरक पडला नाही तर हीटसिंक नीट टेकलेला नाही किंवा त्याखालची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली आहे.

मानेवाडा_नकाशे:

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व नोंदी घेतल्या. सकाळी खोली ३३ अंशांवर असताना रेंडरिंगमध्ये प्रोसेसर ९४ अंशांपर्यंत जातो आणि वेग चार गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. दुपारी खोली ३९ अंशांवर असताना तो काही सेकंदांत १०० वर पोहोचतो आणि वेग २.६ गिगाहर्ट्झपर्यंत खाली येतो. सकाळच्या नोंदीत प्रोसेसर सतत ९० वॅटच्या वर वीज घेताना दिसतो, परंतु त्याच्या माहितीपत्रकात ६५ वॅट असे लिहिलेले आहे. याचा अर्थ कळला नाही. संगणक बंद पडला त्या क्षणाच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ९८ आणि ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर होते.

कॅबिनेट बाहेर काढून पत्रा उतरवल्यावर त्याच दुपारी प्रोसेसर ९३ वर थांबला आणि संध्याकाळपर्यंत संगणक एकदाही बंद पडला नाही. मात्र यादीत बोर्डावरील एक सेन्सर सतत १२७ अंश दाखवतो, त्यामुळे दुकानदाराचे म्हणणे खरे असावे की काय अशी शंका येते.

गोकुळपेठ_हार्डवेअर:

त्या १२७ अंशांकडे दुर्लक्ष करावे. बोर्डावरील नियंत्रक चिपला अनेक सेन्सर जोडण्याची सोय असते, पण बोर्ड बनवणारा त्यातील काही जागा मोकळ्याच सोडतो. जिथे सेन्सरच नाही तिथेही प्रोग्रॅम काहीतरी आकडा दाखवतो, आणि तो बहुधा १२७ असतो. काम चालू असो वा नसो, जो आकडा जागचा हलत नाही तो तापमान नसतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. हवामान खात्याने तपासले तेव्हा दोष सेन्सरचा निघाला. बोर्डावर एखादी जागा खरोखरच १२७ अंशांवर असती, तर आपल्याला प्रोग्रॅम लागला नसता, वासानेच कळले असते.

९० वॅटचा उलगडा असा आहे. या प्रोसेसरला दीर्घकाळ ६५ वॅट आणि थोड्या सेकंदांपुरते त्याहून बरेच अधिक, अशी इंटेलची मूळ योजना आहे. परंतु पुष्कळ मदरबोर्ड कंपन्या आपला बोर्ड चाचणीत वेगवान दिसावा म्हणून ही मर्यादा बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) सैल सोडतात. खोक्यातला छोटा हीटसिंक ६५ वॅटच्या हिशोबाने दिलेला असतो. त्याच्या डोक्यावर सतत ९० वॅट टाकल्यावर हिवाळ्यात तो कसाबसा निभावतो आणि मे महिन्यात हात टेकतो. बायोसमध्ये जाऊन दीर्घकालीन वीजमर्यादा, जिला बहुतेक बोर्डांवर पीएल १ म्हणतात, ६५ करा. रेंडरिंगचा वेग सकाळच्या मानाने थोडा कमी होईल, पण दुपारी सध्या जो मिळतो त्यापेक्षा तो चांगला असेल आणि स्थिर राहील. बायोसमध्ये शिरायची भीती वाटत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याची सोय, बंद होऊन प्रोसेसर २.९ गिगाहर्ट्झवर राहतो. हा उपाय ओबडधोबड आहे, पण तातडीच्या कामाला पुरतो.

पत्रा काढूनही ९३ अंश हा आकडा मला जास्त वाटतो, म्हणून हीटसिंक उतरवून पुन्हा बसवावाच लागेल असे माझे मत आहे. तुमच्या हीटसिंकला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या दाबायच्या खुंट्या असतात आणि त्यांतील एखादी अर्धवट बसलेली असणे ही दुकानातून जोडून आणलेल्या यंत्रांमध्ये मी वारंवार पाहिलेली गोष्ट आहे. तीन कोपरे घट्ट आणि चौथा उचललेला असला की हीटसिंकचा तळ प्रोसेसरवर तिरपा टेकतो, आणि मग त्याखाली कितीही महागडी पेस्ट भरली तरी उपयोग होत नाही.

मुख्य वायर भिंतीवरून काढा आणि बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. खुंट्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवून खुंटी वर ओढली की ती सुटते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका. नवीन पेस्ट मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते, दाबाने ती आपोआप पसरते. बसवताना चारही खुंट्या बाणाच्या उलट दिशेला फिरवलेल्या आहेत याची खात्री करा आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन खुंट्या एकाच वेळी दाबा, त्यानंतर उरलेल्या दोन. टक्क असा आवाज येतो. तेवढ्यावर विश्वास न ठेवता बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहा: चारही छिद्रांतून पांढरे प्लास्टिक सारखेच बाहेर आलेले दिसले पाहिजे आणि त्याच्या मधोमध काळा दांडा दिसला पाहिजे. एखाद्या ठिकाणी काळा दांडा दिसत नसेल तर ती खुंटी बसलेली नाही.

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे एएम ४ सॉकेटचे (बोर्डावरील खाचेचे) रायझन, म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर, असेल, तर त्यांनी हीटसिंक सरळ वर ओढू नये. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग यंत्र बंद करून व वायर काढून हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवावा.

धूळ काढताना ब्लोअर वापरा, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरू दिला तर त्याची बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत फिरवू नका, त्याच्या नळीवर स्थितिक वीज साठते. पॉवर सप्लायची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांमध्ये) धोकादायक वीज शिल्लक असू शकते. तिला बाहेरूनच, जाळीतून हवा मारायची.

आणि आता कॅबिनेट बाहेर काढलेच आहे तर पत्रा कायमचा काढून टाका, खर्च शून्य.

अजनी_संध्या:

वरील प्रतिसादातील शेवटचे वाक्य सोडून बाकी सर्व पटले. पत्रा उघडा ठेवणे चाचणीपुरते ठीक आहे, परंतु नागपूरच्या उन्हाळ्यात, तेही कूलरच्या खोलीत, कायमस्वरूपी तसे ठेवू नये. पुढून येऊन मागे जाणारा हवेचा प्रवाह त्यामुळे मोडतो, आणि धुळीला जाळीतून न जाता थेट आत शिरण्याची वाट मिळते. शिवाय पाली. आमच्या कार्यालयात एका उघड्या कॅबिनेटच्या पॉवर सप्लायमागे पालीने मुक्काम केला होता. ती कशामुळे सापडली हे सविस्तर सांगण्यासारखे नाही.

कूलरबद्दल कोणीच काही लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. कूलरच्या ओलाव्याने आत दव पडेल आणि बोर्ड जळेल अशी भीती अनेकांना वाटते. दव फक्त हवेपेक्षा पुरेशा थंड असलेल्या पृष्ठभागावर धरते, आणि चालू असलेल्या संगणकाचा प्रत्येक भाग खोलीच्या हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे ती भीती अनाठायी आहे. मे महिन्यातील कोरड्या हवेत कूलर हा या संगणकाचा सर्वांत मोठा मित्र आहे, कारण बाहेर ४४ अंश असताना तो खोली बरीच खाली आणू शकतो. तुमची खोली कूलर असूनही ३९ अंशांवर जाते, याचा अर्थ कूलर आपले काम करत नाही. कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूंना बसवलेले वूडवूलचे (लाकडी तंतूंचे) पाणी झिरपणारे थर, पांढऱ्या पडल्या आहेत का ते पाहा. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार साचून वूडवूल दगडासारखे होते, मग पाणी एका रेघेतून खाली जाते आणि उरलेल्या ताटीतून गरम वारा तसाच आत येतो. ताट्या बदलायला फार खर्च येत नाही. दुसरे म्हणजे, कूलर चालू असताना समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी हवी. खोली बंद ठेवली तर ओलावा कोंडतो आणि थोड्या वेळाने कूलरचा गारवा जाणवेनासा होतो.

धोका आहे तो वेगळाच. कूलरची टाकी कोरडी झाली आणि पंखा तसाच चालू राहिला की बाहेरची सगळी धूळ कोरड्या ताटीतून खोलीत येते. पुन्हा पाणी भरले की तीच धूळ दमट होऊन संगणकाच्या जाळ्यांवर नमद्यासारखी बसते आणि मग ती ब्लोअरनेही निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते. त्यामुळे कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या झोतात बारीक तुषारही असतात आणि त्यांतील क्षार आत जातात. झोताच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर, भिंतीपासून थोडे अंतर सोडून ते ठेवले की पुरे.

कॅबिनेटचे पंखे कोणत्या दिशेने हवा फेकतात तेही एकदा तपासून घ्यावे. अगरबत्तीचा धूर जाळीजवळ धरला की लगेच कळते. पुढच्या जाळ्यांकडे धूर आत ओढला गेला पाहिजे आणि मागच्या पंख्याने बाहेर ढकलला पाहिजे. समोर काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा काचेच्या कडेच्या अरुंद फटींतूनच आत येते आणि त्या फटी धुळीने सर्वांत आधी बुजतात.

मानेवाडा_नकाशे:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सगळे उघडून पाहिले. हीटसिंकची पॉवर सप्लायकडील खालची खुंटी खरोखरच अर्धवट बसलेली होती. बोर्डामागून पाहिले तेव्हा तीन ठिकाणी काळा दांडा दिसत होता आणि चौथ्या ठिकाणी नव्हता. प्रोसेसरवरील पेस्टचा ठसाही एका बाजूला पातळ आणि त्या कोपऱ्याकडे जाड होता. कॅबिनेटच्या तळाशी पॉवर सप्लायखाली एक सरकती जाळी आहे हे मला माहीतच नव्हते. ती ओढून काढली तर तिच्यावर राखाडी रंगाचा सलग थर होता, पलीकडचे काही दिसत नव्हते.

पेस्ट नवीन लावली, खुंट्या बसवल्या, जाळ्या धुऊन वाळवल्या, पीएल १ ची मर्यादा ६५ केली आणि कॅबिनेट स्टुलावर आणले. कूलरच्या ताट्या बदलल्यावर दुपारी खोली ३४ अंशांवर राहते. आता पत्रा लावलेला असताना प्रोसेसर ८१ अंशांवर थांबतो, वेग ३.४ गिगाहर्ट्झवर स्थिर राहतो आणि ते चित्र अठ्ठावीस मिनिटांत तयार होते. पंख्याचा आवाजही पुष्कळ कमी झाला आहे.

एवढे करूनही काल दुपारी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण जोरात चालवले, तेव्हा संगणक पुन्हा तसाच बंद पडला. त्या वेळी प्रोसेसर ८० अंशांवरच होता.

बर्डीवाला:

मग पॉवर सप्लाय बदला, त्यात आता शंका उरली नाही. बंद जाळीवर त्याने आजवर काढलेल्या उन्हाळ्यांचा हा परिणाम आहे. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने झिजतात, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ढोबळ हिशोब आहे. नवा घेताना केवळ वॅट पाहू नका. त्याची पूर्ण क्षमता किती अंशांच्या हवेत मोजलेली आहे ते कंपनीच्या माहितीत वाचा. काही ४० अंशांवर मोजलेले असतात, चांगले ५० अंशांवर. आपल्याकडे टेबलाखालची हवाच ४० असते, म्हणून ५० वालाच घ्या. कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का तेही विचारा, स्वस्त पेट्यांत ८५ अंशांचे निघतात. तुमच्या भागांना ४५० वॅट पुरेसे आहेत, तरी ५५० घेतला तर तो निम्म्याहूनही कमी भारावर चालेल आणि कमी तापेल. जुन्या पेटीच्या वायरी नव्या पेटीला जोडू नका, प्लग सारखे दिसले तरी आतील जोडणी वेगळी असू शकते. बसवताना पंखा खालच्या जाळीकडे ठेवा आणि ती सरकती जाळी कूलरची टाकी धुण्याच्या दिवशीच धुऊन टाकत जा.